‘डोंगर हलवावा का?’

“यंदाचं गाऱ्हाणं तुमी घालू नका, असा लोकांचा विचार चाललाय. रविवारी सभा हाय. या.”

गावकीच्या अध्यक्षांनी फोनवर एवढंच सांगितलं. फोन स्पीकरवर होता, कारण सासऱ्यांना अलीकडे एका कानाने कमी ऐकू येतं. पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच जेवायला बसलो होतो. त्यांनी फोन बंद केला, ताटात ठेवलेला घास परत उचलला आणि खाल्ला. पुढचा घेतला नाही. मी आमटी वाढायला गेले तर ताटावर आडवा हात धरला.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे मला लग्नानंतर कळलं. आमचं गाव गव्हाणच्या पुढे, खाडीच्या अंगाला. गावदेवीच्या जत्रेला एक माणूस सगळ्या गावाच्या वतीने देवीपुढे उभा राहतो आणि वर्षभराचं सुखदुःख तिच्या कानावर घालतो. एकेक वाक्य तो म्हणतो आणि मागे उभा असलेला गाव म्हणतो, “होय गो आये.” त्याने म्हटलं ते गावाने म्हटलं, असा हिशोब. हा मान सासऱ्यांना त्यांच्या वडिलांकडून आला होता. विमानतळापायी शेत गेलं, होडी गेली, गावातलं घर पाडून आम्ही इकडे राहायला आलो. मुलगा जासईच्या कंटेनर यार्डात शिफ्टवर, सून दिवसभर लॅपटॉपला डोळे लावून. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं ते एक गाऱ्हाणंच उरलं होतं, आणि आता तेही हातचं जायची वेळ आली होती.

आणि हे कशावरून, तर एका व्हिडिओ गेमवरून.

मी पोटापाण्यासाठी लिहिते. जाहिराती लिहिते, मालिकांचे संवाद लिहिते, आणि गेल्या वर्षी खांदा कॉलनीतल्या एका छोट्या कंपनीसाठी रेडिओवरचा वाद लिहिला. कंपनी ट्रक चालवायचा गेम बनवत होती. खेळणारा कंटेनर घेऊन आपल्याच भागातल्या रस्त्यांवरून जातो आणि ट्रकमधला रेडिओ वाजत राहतो. त्या रेडिओवर एक चर्चेचा कार्यक्रम, नाव ‘आज कोण गप्प बसणार?’. सूत्रसंचालक प्रश्न विचारतो आणि उत्तर सुरू झालं की ओरडून बंद पाडतो. रोज संध्याकाळी टीव्हीवर जे बघून माझं डोकं फिरतं, ते सगळं मी त्यात ओतलं. एका भागाचा विषय होता, नव्या टॉवरच्या वरच्या मजल्यांवरून समुद्र दिसत नाही, तर मधला डोंगर हलवावा का? एका बाजूला बिल्डरचा प्रवक्ता, दुसऱ्या बाजूला आयुष्यात डोंगर न चढलेला डोंगरतज्ज्ञ आणि कोपऱ्यात एक गावकरी. गावकऱ्याला शेवटपर्यंत एकही वाक्य पुरं करू देत नाहीत. शेवटी तो कंटाळून म्हणतो, “घ्या. न्या तो डोंगर. पण देवीला तुमीच सांगा. मला जमणार नाय.”

लिहिताना मला हे विनोदी वाटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी गावकऱ्यासाठी आणलेला नट ‘व्हय जी, न्हाय जी’ करायला लागला. आमच्या खाडीकाठी असं कुणी बोलत नाही. असली नकली गावठी बोली ऐकली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या दिवशी सासरे कान दाखवायला डॉक्टरकडे आले होते आणि परत जाताना बरोबर जाऊ म्हणून स्टुडिओबाहेर बाकावर बसले होते. माझा चढलेला आवाज ऐकून आत आले आणि म्हणाले, “मी बोलू काय?”

पण रेकॉर्डिंगमध्ये सगळे एकत्र बसून भांडत नाहीत. एकेकाला गाद्या लावलेल्या खोलीत एकट्याला उभं करतात, त्याची त्याची वाक्यं घेतात आणि भांडण नंतर जोडतात. सासऱ्यांना हे काही केल्या पटेना. “समोर कोण हाय?” ते विचारत राहिले. समोर भिंत होती, मी त्यांच्या मागे दाराशी. त्यांचा आवाज घशातच राहत होता. काचेपलीकडचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा तेच म्हणाले, “भिंतीशी कसा बोलू, सूनबाय? समोर देवी हाय असा धरतो.”

आणि त्यांनी पाठ सरळ केली, हात जोडले आणि डोंगराचं ते शेवटचं बोलणं गाऱ्हाण्याच्या आवाजात म्हटलं. काचेपलीकडून अंगठा वर आला. मला काय वाटलं असेल, तर अभिमान वाटला.

पुढे कंपनीने जाहिरातीसाठी त्यातला तुकडा काढला. सूत्रसंचालकाची आरडाओरड, मग एकदम शांतता आणि त्या भारदस्त आवाजात, “घ्या. न्या तो डोंगर.” तिथेच कापलं. पुढची दोन वाक्यं गेली. तो तुकडा फोनाफोनी फिरत गावात पोचला. गेम, विनोद, जाहिरात हे सगळं वाटेत कुठेतरी गळालं आणि पोचला तो फक्त आवाज. दुसऱ्या कुठल्या गावात कुणी हसून सोडून दिलं असतं. आमच्या गावात त्या आवाजात म्हटलेलं गावाने म्हटलं असं धरतात. त्यातून आमच्या गावामागचा डोंगर विमानतळाच्या कामात खरोखरच गेलेला. सुरुंग लावून, कापून, सपाट झालेला. मी लग्न होऊन आले तेव्हा अर्धा उरला होता, आता त्या बाजूला नुसतं आभाळ आहे.

मी कंपनीत फोन केला, पुरा भाग पाठवा म्हणून. साहेब गोड बोलले, पण फाइल काही बाहेर देता येणार नाही. “गेममध्ये आहे की मॅडम. ट्रक चालू केला की रेडिओ लागतो.” मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मी गेमच लॅपटॉपवर घेतला. तोवर मी तो एकदाही खेळले नव्हते. त्यासाठी शब्द लिहिले होते, बघायची गरज पडली नव्हती.

रविवारी दुपारी मी सासऱ्यांना गाडीत घालून निघाले. नवरा शिफ्टवर होता. सासरे इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसले होते आणि सगळा वेळ गुडघ्यावरची टोपी फिरवत होते. मी म्हटलं, “बाबा, सरळ सांगायचं, हा खेळ आहे, नाटकासारखं.” ते म्हणाले, “नाटकात आवाज दुसऱ्याचा असतो काय?” उलव्याच्या सिग्नलला त्यांनी पाणी मागितलं आणि बाटली तोंडाला न लावताच परत दिली.

सभा देवळाच्या मंडपात होती. पुरुष सतरंजीवर, बायका खांबांच्या कडेने. सासऱ्यांची नेहमीची जागा अध्यक्षांच्या शेजारची, तिथे दुसराच कुणीतरी बसला होता. ते समोर बसले. अध्यक्ष म्हणजे त्यांचे लहानपणापासूनचे जोडीदार. एका होडीत वाढलेली माणसं, पण आज त्यांनी वर बघितलं नाही. फोन काढून तुकडा लावला. “घ्या. न्या तो डोंगर.” देवळात तो आवाज आणखीच मोठा झाला.

“आवाज तुमचाच ना?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझाच.”

“मग आता याच आवाजात देवीपुढं उभं राहायचा कसा?”

मागून कुणीतरी म्हणालं, “आवाज विकला.” सासऱ्यांचे कान लाल झाले. मला राहवलं नाही. सुनेने गावकीत बोलायची पद्धत नाही हे मला माहीत होतं आणि तेव्हा त्याची मला फिकीर नव्हती. मी म्हटलं, “आधी पुरं ऐका, मग काय ते ठरवा. अर्धं ऐकून निकाल लावायला हा काय टीव्ही आहे?” बायकांमधून चुळबूळ ऐकू आली. अध्यक्ष म्हणाले, “लाव.”

मी लॅपटॉप देवळाच्या पायरीवर ठेवला. सगळे पुढे सरकले. ट्रक सुरू झाला, रेडिओ लागला आणि मी पहिल्याच वळणावर कठड्याला धडकले. कुणी हसलं नाही. दुसऱ्या खेपेला ट्रक नीट रस्त्याला लागला. सूत्रसंचालक किंचाळत होता, डोंगरतज्ज्ञ सांगत होता की डोंगर हा मुळात एक दृष्टिकोन आहे. तेव्हा मात्र एकदोघांना हसू आलं. माझ्या जिवात जीव आला. रेडिओवरचे सासरे म्हणत होते, “माझा आयका...” आणि सूत्रसंचालक त्यांना तोडत होता. पुन्हा “माझा...” आणि पुन्हा तोच प्रकार. खांबाजवळची एक म्हातारी पुटपुटली, “बोलू दे ना त्याला.” ती काकू डोंगराच्या पायथ्याशी राहायची. तिचं घर डोंगराबरोबरच गेलं.

तेवढ्यात रस्ता वळला आणि काकू उभी राहिली.

“थांबव गाडी.”

मी ब्रेक दाबला. ट्रकच्या काचेसमोर एक हिरवा डोंगर होता. पायथ्याशी कौलारू घरं, वर जाणारी पायवाट, माथ्यावर एका अंगाला कललेलं झाड. मला वाटलं, असेल असाच कुठलातरी. नंतर कंपनीत विचारलं तेव्हा कळलं, क्रेन आणि धूळ दाखवण्यापेक्षा जुन्या फोटोंवरून काढणं सोपं म्हणून त्यांनी हा सगळा भाग पूर्वी होता तसा काढला होता. देवळात मात्र कुणाला विचारावं लागलं नाही. सगळ्यांनी ओळखला होता.

काकू लॅपटॉपपाशी येऊन खाली बसली. तिने पडद्यावर बोट टेकवलं. “ही वाट. लाकडांना जायचो.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “वर ने गो.”

“गाडी रस्ता सोडत नाही, काकू.”

“थोडी ने.”

मी ट्रक वळवला. चाकं रस्त्याच्या कडेला अडून फिरत राहिली. इंजिनाचा आवाज वाढला, ट्रक जागचा हलला नाही. आणि रेडिओ चालूच होता. डोंगर समोर उभा, आणि वर सासऱ्यांचा आवाज, “घ्या. न्या तो डोंगर. पण देवीला तुमीच सांगा. मला जमणार नाय.”

मी रेडिओ बंद केला. आता काहीतरी सुटेल, कुणीतरी म्हणेल की बघा, याने नकारच दिला होता, असं मला वाटलं. सासरे मान खाली घालून बसले होते.

शेवटी अध्यक्षच बोलले. आवाज एकदम उतरलेला. “याला कशाला बोल लावायचा? डोंगर द्यायला आपण सगळ्यांनी हितंच बसून हात वर केले. मी पयला केला.” मग सासऱ्यांकडे बघून म्हणाले, “पण तेव्हा देवीला सांगितला कुणी? तू सांगितला?”

“नाय,” सासरे म्हणाले. “तोंडच झाला नाय. दर साल डोंगराचा नाव घेतो, हाय असाच समजून. तुमी पन होय म्हणता.”

हे खरं होतं. गाऱ्हाण्यात गावाच्या चारी बाजूंची नावं घेतात. डोंगराचं नाव आलं की सासरे त्या बाजूला वळून हात जोडत आणि सगळा गाव वळत असे. समोर काहीही नसताना वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि मला ती नुसती पद्धत वाटत होती.

“मग यंदा सांग,” काकू म्हणाली. ती अजून पडद्यासमोरच बसली होती.

मान परत मिळाला, पण परत येताना सासऱ्यांचा चेहरा जातानापेक्षा पडलेला होता. जत्रेपर्यंत ते धड जेवले नाहीत. सकाळी गॅलरीत उभे राहून ओठ हलवत. मी चहा नेऊन दिला की गप्प होत. एकदा म्हणाले, “मी बोललो आणि मागनं कुणी होय नाय म्हटला तर?” गाऱ्हाण्यात असं कधी झालेलं नाही. कुणी होय म्हटलं नाही तर ते एकट्याचं बोलणं होतं, आणि तसं बोलणारा पुन्हा देवीपुढे उभा राहत नाही. मी म्हटलं, “म्हणतील.” माझा मलाच भरवसा नव्हता.

जत्रेच्या दिवशी देऊळ भरून बाहेर माणसं उभी होती. सासरे देवीपुढे गेले. मासळीचं बोलले, पावसाचं बोलले, नव्या सुना आल्या त्यांचं आणि यंदा गेलेल्यांचं बोलले. “होय गो आये,” गाव म्हणत होता. मग ते नेहमीसारखे डोंगराच्या बाजूला वळले. सगळे वळले. तिकडे मोकळं आभाळ होतं आणि दूरवर क्रेनची टोकं. ते परत देवीकडे फिरले.

“डोंगर आमी दिला, आये. तुला विचारला नाय.”

मागून ‘होय’ आलं नाही. अध्यक्ष पहिल्या रांगेत होते, त्यांचे ओठ घट्ट मिटलेले. मला सासऱ्यांची पाठ दिसत होती, ताठ, एकटी. माझा देवावर फारसा विश्वास नाही, आजवर मी तिथे नुसती उभी राहत आले होते. पण त्या क्षणी मला ‘होय’ म्हणून ओरडावंसं वाटलं.

मग बायकांमधून काकूचा आवाज आला, चिरका, “होय गो आये.” तिच्यानंतर अध्यक्षांचा आला. मग इकडून एक, तिकडून एक, नेहमीसारखा एका दमात नाही, सुटा सुटा. मीही म्हटलं. सासरे हात जोडून उभे राहिले आणि शेवटचा माणूस म्हणेपर्यंत त्यांनी पुढचं वाक्य उच्चारलं नाही.