चिठ्ठीवरची सवत

“या घरात आता मी राहीन, नाहीतर हे सवत राहीन,” देवकाबाई म्हणाली. कुडापलीकडून मी माझ्या कानांनी ऐकलं. सन बावन्नचा भादवा. मी तेव्हा शेजारच्या घरची नवी सून. मला बोलायची सोय नव्हती, ऐकायची होती.

सवत म्हणजे बाई नव्हे, सात्या, म्हणजे अळंबी. पावसाळ्यात जंगलात छत्र्यांसारख्या उगवतात त्या. पण ही जात आमच्याकडे कोणी खात नाही. छत्रीखाली पापुद्रे नाहीत, चाळणीसारखी भोकं. चाकू लावला की पिवळा गर बघता बघता निळा पडतो. देवकाबाईच्या नवऱ्याने, चैतरामभाऊजींनी, चुलीवर टांगलेलं तिचं सुक्या झिंग्यांचं टोपलं रिकामं करून त्यात हे जहर वाळत घातलं होतं.

भाऊजी ठेक्याने धान करायचे. शाळा तिसरीपर्यंत. नागपूरच्या कॉलेजातले एक मास्तर सात्या शोधत आले, तेव्हा भाऊजींनी त्यांना जंगल दाखवलं आणि तो नाद स्वतःलाच लावून घेतला. मास्तरांनी छापील चिठ्ठ्या दिल्या होत्या : गाव, तारीख, कोणत्या झाडाखाली, रंग, स्थानिक नाव, गोळा करणारा. माल चांगला पोचला तर चिठ्ठीसकट कॉलेजच्या कपाटात कायमचा राहणार. भाऊजींचा जीव त्या शेवटच्या रकान्यात. कसत होते त्या जमिनीवरसुद्धा त्यांचं नाव नव्हतं. आदल्या साली पुडकं अळ्या पडून पोचलं होतं, आणि यंदा उन्हाचा पत्ता नव्हता.

“अवो, चारच दिवस,” गुडघ्यावर चिठ्ठी धरून भाऊजी म्हणाले. “हे खायची नाही, कागदावर जायची हाये.”

“मंग कागदावरच चूल पेटवा.”

बोलली खरी, पण टोपलं काही उतरवलं नाही. विस्तव मंद ठेवून चार दिवस रांधलं.

दिवाळीच्या सुमारास मास्तरांचं पत्र आलं. माल उत्तम पोचला, नंबर पडला. खाली विचारलं होतं, ‘सवत’ हे नाव कोणकोणत्या गावांत चालतं?

भाऊजींचं तोंड उतरलं. भांडणाच्या वेळी पेन्सिल नेमकी स्थानिक नावाच्या रकान्यात होती. कानावर पडलं ते हाताने लिहिलं. आता खरं सांगावं तर मास्तर चिठ्ठी फाडतील, चिठ्ठीबरोबर त्यांचं नावही जाईल. न सांगावं तर कपाटात खोटं बसेल. दोन दिवस ताटावर बसून नुसता भात चिवडत होते. तिसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की डोक्यावरची घागर खाली ठेवावी लागली.

“लिवा, का नाव माह्या तोंडचं हाये,” ती म्हणाली. “त्या भल्या माणसाले कायले फसवता?”

भाऊजींनी लिहिलं. मग रोज पोस्टमनची वाट. उत्तर आलं ते पोस्टमनने ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. मास्तरांनी चिठ्ठी फाडली नव्हती, तिच्यावर भर घातली होती : ‘स्थानिक नाव सवत. एकाच घरात प्रचलित. सांगणार देवकाबाई. गोळा करणारा चैतराम.’ देवकाबाईने ते तीनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा शेजारणींना हाक मारून.

पुढे दर साली तीच विचारायची, “सवत निंगाली का जंगलात?” आणि टोपलं घासूनपुसून टांगायची. इतक्या लाडाची सवत मी दुसरीकडे पाहिली नाही.

साठ सालचं पुडकं भाऊजींचं शेवटचं; पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. बाजाराच्या दिवशी एसटीने आमच्या भागातल्या गोरेगावला गेले, पोस्टात बाबूकडून वजन करून घेतलं, शिक्क्यावर तारीख नीट उठली का ते वाकून पाहिलं, रामराम केला आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले.