हयात नटाला श्रद्धांजली

आई व्हिजिट व्हिसावर कुवेतला आली, की आमच्या घरातली सकाळ "आज कोण गेलं?" या प्रश्नाने सुरू होते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका. डाव्या हातात चहा, उजव्या हातात मोबाइल. नातेवाइकांच्या बातम्या नंतर, आधी सिनेमातली माणसं. कोणी जुना नट गेल्याचं वाचलं, की ती पहिल्यांदा त्याचं वय बघते. तिच्यापेक्षा मोठा असला तर "वय झालं होतं बिचाऱ्याचं" म्हणून चहात बिस्किट बुडवते. लहान असला तर "पथ्य पाळलं नसणार" म्हणते. अगदी तिच्याच वयाचा निघाला, तर त्या दिवशी मला तिचं बीपी मोजावं लागतं.

या सगळ्यांत एक नट मात्र तिचा खास होता. जुन्या मराठी सिनेमांत तो खलनायक असायचा, मग नायिकेचा बाप झाला आणि आता एका मालिकेत चाकाच्या खुर्चीत बसून सुनांना समजावणारा आजोबा होता. तो पडद्यावर आला की आई म्हणायची, "हा माझ्या वर्गात होता. सातवीपर्यंत." आम्ही भावंडांनी हे इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. आम्ही "हो का" म्हणायचो आणि टीव्हीचा आवाज वाढवायचो.

त्या शुक्रवारी आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं मिळून खैरानला गेलो होतो. समुद्राला लागून एक शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, दिवसभरासाठी भाड्याने घेतलं होतं. आमच्यातले एक काका बँकेत ऑडिटला होते. मंडळींचा अध्यक्ष कधी कोणी निवडला नव्हता, तरी सगळे त्यांनाच अध्यक्ष समजायचे, तेही समजायचे. आणि होते भाई. भाई रायगडच्या किनाऱ्यावरचे, कुवेत शहरातल्या शर्कच्या मासळी बाजारात त्यांची वीस वर्षं गेलेली. पहाटेच उत्तम पापलेट घेऊन ते आले होते आणि बाहेरच्या चुलीवर तळणीला बसले होते.

जेवणाला थोडा अवकाश होता, तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजला. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि उभे राहिले. "वाईट बातमी आहे," म्हणाले आणि त्या नटाचं नाव घेतलं. मोबाइलवर त्याचा हार घातलेला फोटो होता, पुढे समई.

आई समुद्राकडे तोंड करून बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "माझ्याच वयाचा." मला बीपीचं यंत्र आठवलं, ते घरी राहिलं होतं.

काकांनी लगेच सगळ्यांना गोल उभं केलं. "दोन मिनिटं शांतता पाळू या." सगळे उभे राहिले. भाईसुद्धा झारा हातात घेऊन माना खाली घातलेल्यांत येऊन उभे राहिले. अर्ध्या मिनिटात मागे कढईतून जळकट वास यायला लागला. भाईंनी एक डोळा उघडून कढईकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं. काकांचे डोळे घट्ट मिटलेले. भाई बिचारे हलले नाहीत. दोन मिनिटं पूर्ण झाली तेव्हा चार पापलेटं कोळसा झाली होती.

"आता कोणी दोन शब्द बोलावेत," काका म्हणाले. खरं तर ते स्वतःच बोलणार होते, घसा साफ करून झाला होता. पण आई पुढे आली.

"मी बोलते. मी त्याला ओळखत होते."

माझी चौदा वर्षांची मुलगी मोबाइल धरून आजीचा व्हिडिओ काढायला लागली. मला वाटलं, आई त्याच्या अभिनयाबद्दल चार चांगले शब्द बोलेल. पण आई म्हणाली, "तो अत्यंत खोटारडा मुलगा होता."

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"गणितं माझी बघून लिहायचा. तीही चुकीची उतरवायचा. माझे वडील त्या शाळेचे हेडमास्तर होते, म्हणून मला हे सगळं त्यांना सांगता आलं असतं, पण मी कधी सांगितलं नाही. सातवीत स्नेहसंमेलनात ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. याला पहारेकऱ्याचं काम. एकच वाक्य, 'महाराज, शत्रू आला!' मग लढाई, मग राजाचं लांब भाषण. हा धावत आला, मुजरा केला आणि म्हणाला, 'महाराज, शत्रू गेला!' आता शत्रूच गेला म्हटल्यावर राजा काय करणार? तो सिंहासनावर बसून राहिला. विंगेत लाकडी तलवारी घेऊन नऊ पोरं उभी होती, ती तशीच उभी राहिली. शेवटी माझ्या वडिलांनी पडदा पाडला. आणि असला मुलगा पुढे नट झाला." मग तिने हात जोडले. "देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

आधी भाई हसले. मग सगळेच हसलो आणि श्रद्धांजलीत हसलो म्हणून ओशाळलो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बट आजी, ही इज नॉट डेड."

तिने शोधून काढलं होतं. मालिकेत आदल्या दिवशी आजोबा वारले होते. कोणीतरी टीव्हीच्या पडद्याचा, हार घातलेल्या त्या तसबिरीचा फोटो काढला होता आणि तो फिरत फिरत खैरानपर्यंत आला होता.

काका बराच वेळ मोबाइल न्याहाळत राहिले. आई मात्र भलतीच खूश झाली. तिने दोन पापलेटं खाल्ली.

गोष्ट इथेच संपली असती. पण मुलीने तो व्हिडिओ तिच्या मावशीला पाठवला, मावशीने कोणाला पाठवला कोण जाणे. आठवड्याभरात माझ्या ऑफिसमधल्या एका नागपूरकर सहकाऱ्याने तोच मला दाखवला आणि विचारलं, "ह्या आजी कोण हो?"

आणि एका मंगळवारी, मी ऑफिसमधून येऊन चपला काढत होते तेव्हा मुंबईचा अनोळखी नंबर वाजला.

"नमस्कार," आवाज ओळखीचा होता, पण कुठला ते कळेना. "व्हिडिओ पाठवणाऱ्यांना विचारत विचारत तुमचा नंबर मिळवला. माझ्या श्रद्धांजलीचं भाषण ज्यांनी केलं त्या बाई तिथे आहेत का?"

मी तिथेच दारात बसले. माफी मागायला लागले, एकदा, दोनदा. ते म्हणाले, "अहो, मालिकावाल्यांनी मला मारून काम काढून घेतलं. तुम्ही निदान चार माणसं उभी तरी केलीत. द्या त्यांना फोन."

मी स्पीकर लावून फोन आईपुढे धरला.

"हेडमास्तरांची मुलगी ना तुम्ही?" ते म्हणाले. "दोन वेण्या. पहिल्या बाकावर."

आईचा चेहरा असा झाला, की मला आयुष्यात पहिल्यांदा तिच्या सगळ्या गोष्टी एकदम खऱ्या वाटल्या. टीव्हीचा आवाज वाढवल्याची लाज वाटली.

"हो," आई म्हणाली.

"मग जरा नीट सांगायचं होतं. मी वाक्य विसरलो नव्हतो. राजाची मिशी सुटली होती. एका बाजूने लोंबत होती. भाषणात ती पडली असती आणि गाव हसलं असतं. त्याला वाचवायला मी शत्रू परत पाठवला."

"खोटं!" आई कडाडली. "मी विंगेत होते. मिशी जागेवर होती!"

"तू डाव्या विंगेत होतीस. मिशी उजवीकडची सुटली होती."

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पाऊण तास भांडण चाललं. मधेच ते म्हणाले, की काम कोणी काढून घेतलं नव्हतं, हल्ली वाक्यं खरंच विसरायला होतात, म्हणून त्यांनीच मालिकावाल्यांना सांगितलं होतं, मला मारा. आई म्हणाली, "मलाही मसाल्याच्या डब्यासमोर उभं राहून आठवावं लागतं." आणि पुन्हा मिशीवर आली.

त्यानंतर दर दोन दिवसांनी फोन. व्हिसा संपत आला तेव्हा, एरवी मुक्काम वाढवता येतो का विचारणारी आई चार दिवस आधीच बॅग भरून बसली.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तो नट आपल्या मुलाला घेऊन तिच्याकडे आला होता आणि तो राजा, म्हणजे राजा झालेला मुलगा, शेजारच्या तालुक्यात राहतो असा पत्ता लागला होता. तिघेही गाडीने त्याच्याकडे गेले, एकदाचा निकाल लावायला.

"मग?" मी विचारलं. "मिशी सुटली होती की नव्हती?"

"अगं, तो म्हणतो मी कधी राजा झालोच नाही. असलं नाटकच झालं नाही म्हणतो. आम्हाला ओळखलंही नाही त्याने. पण हसत होता सारखा."

"मग काय केलंत?"

"काय करणार? ह्याने त्याच्यासमोर उभं राहून मुजरा केला आणि ते वाक्य म्हटलं. बरोबर म्हटलं या वेळी. राजाने खूप टाळ्या वाजवल्या. मग त्याच्या सुनेने थालीपीठं केली होती, ती खाल्ली आणि निघालो."