तू नव्हे, डेटाबेस वाचतो

"तू नव्हे रे, डेटाबेस वाचतो," असं म्हणताना अक्का चष्मा कपाळावर सरकवायच्या. कानडी मुलखात, महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात सर्व्हर त्यांच्याकडे होते. बाई निपाणीकडच्या. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी अक्का म्हणायचो, बाकीच्यांच्या मॅडम.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. नवा कुणी अक्कांकडे तक्रार घेऊन जायचा, "माझ्या लॉगिननं ही फाईल उघडते, मग डेटाबेसला का उघडत नाही?"

"सासरवाडीची किल्ली तुझ्याकडं असली म्हणून तुझ्या दोस्ताला आत घेतील काय? डेटाबेस सर्व्हरवर स्वतःच्या नावानं फिरतो. परवानगी त्याला पाहिजे. आणि तेवढीच पाहिजे." मग स्वतःच करून द्यायच्या, वर डब्यातली शेंगाचटणी पुढे करायच्या. "स्वल्प घे."

एका इस्पितळाचं काम होतं. रुग्णांच्या तपासण्यांचे निकाल डेटाबेस रोज दुपारी फाईलमध्ये लिहून ठेवायचा. एके दिवशी लिहीना. फोल्डरवरची त्याची परवानगी गेली होती. अक्का भाचीच्या साखरपुड्याला गेलेल्या. इस्पितळातून फोनवर फोन. मी तो फोल्डर, आतल्या फायली, सगळंच सर्वांना खुलं केलं. काम चालू झालं. परत बंद करायचं राहून गेलं.

त्या सर्व्हरवर बाहेरच्या कंत्राटदारांची माणसंही काम करायची. त्यातल्या एकाला फाईलमध्ये शेजारणीचं नाव दिसलं. तिला कुठला आजार आहे ते त्यानं गल्लीत सांगितलं. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "हे केलं कुणी?" आम्ही सगळे एकाच लॉगिननं शिरायचो, त्यामुळे नोंदीत नाव नव्हतं. त्या दुपारी कामावर मीच होतो, हे अक्कांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"सर्व्हर माझे आहेत," अक्का म्हणाल्या.

नोकरीतल्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून एकेक फोल्डर माझ्याकडून नीट करून घेतला. लिहायला फक्त डेटाबेस, वाचायला फक्त इस्पितळाचा प्रोग्राम.

"समजलं?"

"हो."

"त्या बाईचं पुढं काय झालं रे?"

"माहीत नाही."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. मी खाली सोडायलाही गेलो नाही. त्या होसकोट्याच्या बसमध्ये चढताना खिडकीतून दिसल्या. मला काहीच वाटलं नाही. अजूनही नीटसं वाटत नाही.

पुढच्या सोमवारी सर्व्हर माझ्याकडे आले. साहेबांनी हात मिळवून अभिनंदन केलं. मी थँक्यू म्हणालो.