चर्च उघडलं त्या रविवारी

सॅनिटायझरचा वास आला की मी आजही मनानं रायपूरच्या आमच्या चर्चच्या दारात जाऊन उभी राहते. टाळेबंदीनंतरची ती पहिली उपासना होती. त्याआधीच आई करोनानं गेली होती आणि तिच्या मातीला आम्ही घरचेच तेवढे होतो.

बाकांवर खडूनं फुल्या मारल्या होत्या. गाणं बंद होतं, नुसती पेटी वाजत होती. आईची मैत्रीण, तात्यापाऱ्यातली सुशीलामावशी, मला पाहताच हात पसरून निघाली.

"दीदी, दूरी रखिए," दारावरचा स्वयंसेवक हळूच म्हणाला.

मावशी जागीच थांबली. तिचा मास्क भिजत चालला होता.

"तुह्या आईचं तोंडबी पाहू देल्लं नाही गं मले," ती तिथूनच म्हणाली. "हे संपू दे पोट्टी, मंग आपण दोघी गळ्यात पडून रडू."

"हव, मावशी," मी म्हणाले. तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं होतं, कारण तिनं जवळ घेतलं असतं तर मी सावरले नसते.

दुसऱ्या लाटेत मावशीही गेली. आता उपासना संपली की सगळे पुन्हा एकमेकांना बिलगतात. माझं मात्र आईसाठी रडायचं राहून गेलंय, आणि सोबत रडेल असं कोणी उरलं नाही.