जिची भाकर मी बंद केली

रेवदंड्याजवळच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं जेमतेम बारा. माझे यजमान मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणून मंडळीत मला मान होता. शेजारच्या वाडीतल्या हिंदूंनी आम्हांला हलकं समजू नये, एवढीच मला काळजी. रविवारी परीटघडीचं लुगडं नेसून मी पहिल्या बाकावर बसायची, आणि मुलांना देवाच्या कृपेचे धडे शिकवायची.

आमच्यात सुकी मासळी विकणारी एक बाई होती. नवऱ्याने टाकलेली, लग्नाशिवाय दुसऱ्या माणसाबरोबर राहणारी. मी पाळकसाहेबांना म्हटलं, "तिला प्रभुभोजनाला बसवलंत तर लोक आपल्याला काय म्हणतील?" प्रभूच्या नावाने देवळात सगळ्यांना वाटतात ती भाकर त्यांनी तिला बंद केली. तरी ती दर रविवारी यायची आणि दाराशी बसायची.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढच्या साली माझं घर मोडलं. मास्तर ताडी प्यायचे, हे मी तीन वर्षं झाकून ठेवलं होतं. एक दिवस ते भर वर्गात पडले. नोकरी गेली. मिशनची खोली आठ दिवसांत सोडायची होती. ज्यांच्याकडे माझं जाणं-येणं होतं, त्या बायका मला पाहून दार लोटून घेऊ लागल्या. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, थोडे दिवस देवळात येऊ नका. लोक काय म्हणतील?"

आठव्या दिवशी दुपारी दीड वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन मी खाडीवर गेले. भरती चढत होती. पाणी कमरेला लागलं तशी पोर रडू लागली. तिचं रडणं मला ऐकू येत होतं, पण पाय थांबत नव्हते.

मागून कुणीतरी माझा दंड धरला. तीच बाई. वाळत घातलेली मासळी टाकून धावत आली होती.

"पोर दे मना," ती म्हणाली. "मग तुला जायचा तं जा."

मी पोर दिली, आणि मग मला जाता येईना.

तिने आम्हांला झोपडीत नेलं. तिच्या माणसाने काही न विचारता आपलं अंथरूण ओटीवर नेलं. तिने पेज वाढली. मी वाटी बाजूला सारली.

"तुझी भाकर मीच बंद करवली," मी म्हटलं.

"म्हाईत हाय मना."

"मग मला का आणलंस?"

"येशूनं मना घेतला तवा माजा लुगडा बगला न्हाय. मी तुजा काय बगू? खा."

मास्तर सुधारले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात चौलच्या रस्त्यावर मेलेले सापडले. मंडळीतलं कुणी मातीला आलं नाही, पाळकसाहेबही नाहीत. कबरीपाशी मी, ती आणि माझी पोर. मला प्रार्थना सुचेना. तिला प्रभूची प्रार्थना धड पाठ नव्हती, तरी तिनेच सुरू केली, अडखळत, मधल्या ओळी गाळत. मी तिच्यामागून एकेक शब्द म्हणत गेले.