नानांच्या तीन खुर्च्या आणि माझा ब्लेझर

गॅरेजवाल्यांना विचारा. इंजिन खोलून पुन्हा बसवलं की दोन-चार नट उरतातच. गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि ते नट डब्यात पडतात. आमच्या क्लबाच्या किश्श्यांचं तसंच आहे. मी जळगावात स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवलं आणि हौसेनं मोटर क्लबाचा सेक्रेटरी झालो. क्लब कसाबसा चालला, पण माझा डबा गच्च भरला. परवा मित्रांसमोर झाकण उघडलं, तर बहुतेक नटांवर माझंच नाव! तरी सांगतो. आता या वयात कसली लाज?

* * *

आमचे अध्यक्ष म्हणजे नाना. मूळ अमळनेरकडचे, कापसाचा व्यापार, आवाज असा की जीपला हॉर्न बसवायची गरजच नाही. क्लब त्यांनीच काढला. त्यामुळे अध्यक्ष तेच, शर्यतीचे प्रमुख तेच, पंच तेच आणि स्पर्धकही तेच. पहिला नंबर कोणाचा येत असेल, हे तुम्हाला सांगायला नकोच.

एकदा धुळ्याच्या एका स्पर्धकानं तक्रार केली. नानांनी रस्ता सोडून केळीच्या बागेतून जीप घातली म्हणे! आमच्या नियमाप्रमाणे तक्रार आधी शर्यतीच्या प्रमुखाकडे, मग पंचाकडे, शेवटी अपील अध्यक्षाकडे. नाना नियमाला पक्के. ऑफिसात तीन खुर्च्या मांडायला लावल्या. पहिल्या खुर्चीत बसून तक्रार ऐकली आणि फेटाळली. उठून दुसऱ्या खुर्चीत बसले, पुन्हा सगळं ऐकलं आणि पुन्हा फेटाळलं. तिसऱ्या खुर्चीत मात्र चष्मा लावला, बराच वेळ डोळे मिटून बसले. धुळेकराला वाटलं, इथे न्याय मिळणार!

नाना म्हणाले, "खालच्या दोन्ही लोकांनी नीट विचार करून निर्णय दिलाय. मी त्यात ढवळाढवळ करणार नाही!"

आणि हे सगळं लिहून घेणारा सेक्रेटरी कोण? मी. वर "निर्णय एकमताने" असंही लिहिलं. एकाच माणसाचं एकमत व्हायला कितीसा वेळ लागणार?

* * *

नव्वदच्या आसपासची गोष्ट. एक परदेशी रॅली हिंदुस्थानातून जाणार आणि तिचा एक टप्पा आपल्या खान्देशातून, फैजपूर-सावद्याच्या रस्त्यानं न्यायचा विचार आहे, असा निरोप आला. क्लबात नुसता जल्लोष. पण सोबत अटी होत्या. मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेत तेव्हा सुधारणांचे वारे वाहत होते. एकानं अनेक पदं धरायची नाहीत, पंच नि:पक्षपाती हवेत, नेतृत्व निवडून आलेलं हवं. बेल्जियमचे एक साहेब निरीक्षक म्हणून येणार आणि ते हो म्हणाले तरच टप्पा आपल्याला मिळणार.

मी दुकानात जुनी परदेशी मोटर मासिकं वाचायचो. खरं म्हणजे चित्रं बघायचो. पण तेवढ्यावर सुधारणा समितीचा प्रमुख म्हणून माझंच नाव पुढे आलं आणि माझ्या अंगात जे वारं शिरलं ते विचारू नका! दुसऱ्याच दिवशी टेलरकडे जाऊन नेव्ही ब्लू ब्लेझर शिवायला टाकला. खिशावर क्लबाचं चिन्ह. अध्यक्ष अजून नानाच होते, पण परदेशी गाड्यांना झेंडा दाखवणारा हात या ब्लेझरच्या बाहीतून निघणार, हे मी आरशासमोर ठरवून टाकलं होतं. बायको म्हणाली, "अहो, जळगावचा उन्हाळा, उकडून मराल." मी म्हटलं, "नेतृत्वाला घाम गाळावाच लागतो."

* * *

पहिली सुधारणा: एक माणूस, एक पद. मी ठराव मांडला आणि नानांच्या तोंडाकडे बघायची हिंमत न होऊन पंख्याकडे बघत बसलो. नाना शांतपणे म्हणाले, "मंजूर."

घरी जाऊन त्यांनी पदं वाटून टाकली. शर्यतप्रमुख जावई, पंच धाकटा भाऊ, खजिनदार मेहुणा आणि सुरक्षाप्रमुख खुद्द अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी. एक माणूस, एक पद, नियम तंतोतंत पाळलेला! कमिटीची मीटिंग नानांच्या ओट्यावर, भरीत-पुरीच्या ताटांवर व्हायला लागली. कमिटीत घरचे नसलेले दोघंच, मी आणि आमचे मेकॅनिक रफिकभाई. मी निषेध नोंदवणार होतो, पण अक्कांनी भरीत वाढलं आणि निषेध राहून गेला.

पण गंमत पुढेच. सरावाच्या शर्यतीच्या दिवशी अक्का पदर खोचून स्टार्टला उभ्या. रफिकभाईंना म्हणाल्या, "एकेकाचे ब्रेक दाखव." नानांच्या जीपचा ब्रेक दाबला तर पाय तळाला!

"ही गाडी जावाव नही," अक्का म्हणाल्या.

"अवं, मी अध्यक्ष शे!"

"मंग अध्यक्ष घर बसा. ब्रेक लागे तवा या."

क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदाच नाना शर्यतीत नव्हते. सुधारणा म्हणतात ती हीच. श्रेय मात्र मी घेतलं.

* * *

त्याच शर्यतीत सावद्याच्या नाक्यावर वेळ नोंदवायला पूर्णपणे बाहेरचा, नि:पक्षपाती माणूस हवा होता. मी गावातले एक वृद्ध आबा निवडले. साऱ्या पंचक्रोशीत शब्दाला मान, भाऊबंदकीचे तंटे मिटवण्यात हयात गेलेली. त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि मी तावातावानं बजावलं, "आबा, कोणाशी भेदभाव नको. कोणावर अन्याय झाला असं वाटता कामा नये!"

आबांनी मान डोलावली.

गाव रीतीला पक्कं. पाहुणा आला आणि तसाच गेला, हे सावद्याला खपत नाही. प्रत्येक गाडी थांबवून ड्रायव्हरला टोपी, टॉवेल, नारळ. पुण्याचा एक स्पर्धक ओरडत होता, "माझा टाइम चाललाय हो!" तर त्याच्या डोक्यावर टोपी ठेवत कोणीतरी म्हणालं, "टाइम आबांकडे हाये, तू चहा घे!"

संध्याकाळी निकाल आला. सगळ्या गाड्यांची वेळ एकच! अगदी सेकंदासकट. मी कपाळाला हात लावला. "आबा, हे काय? मागचा तर पंक्चर काढून आला होता!"

आबा म्हणाले, "मंग त्याचा काय गुन्हा? सारे आपलेच पोरं हायेत. तूच म्हने ना, भेदभाव नको."

बक्षीस समारंभात सगळे पहिले आले. चषक एकच होता. तो शेवटी आबांना दिला.

* * *

साहेब आले. उंच, लालबुंद, स्वभावानं गोड माणूस. शेव-भाजी खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं, पण पुन्हा मागून घेतली. दुभाषी मी. माझं इंग्रजी मासिकांतलं, त्यामुळे गिअरबॉक्सबद्दल मी फाडफाड बोलायचो आणि जेवणाबद्दल विचारलं की गप्प.

त्यांनी विचारलं, "तुमच्या अध्यक्षांच्या विरोधात शेवटची निवडणूक कोणी लढवली?"

ओट्यावरच्या पंगतीत मी हे मराठीत सांगितलं. जावयानं ताट बाजूला सारलं. नानांचा भाऊ म्हणाला, "साहेबांना सांगा, आमच्यात भांडणं नाहीत!" आमच्याकडे सोसायटी असो, शाळा असो, देऊळ असो, निवडणूक बिनविरोध झाली तरच गावाची शोभा. उभं राहणं म्हणजे वैर घेणं. साहेबांना हे पटेना. त्यांच्या मते बिनविरोध म्हणजेच काहीतरी काळंबेरं. खरी लढत, गुप्त मतदान आणि मोजणी त्यांच्यासमोर, असं त्यांनी सांगितलं. तसं झालं तरच टप्पा.

नाना उठले. हात धुतले. म्हणाले, "मी राजीनामा देस. मन्हामुळे गाड्या अडाले नको. सेक्रेटरीले उभं करा."

नानांनी जीप काढली आणि एकटेच निघून गेले. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ब्लेझर ट्रायलला आलाय, हेही त्याच वेळी आठवलं.

* * *

आता माझ्या विरोधात कोण उभं राहणार? कोणीच नाही! मीच घरोघर हिंडून माझा विरोधक शोधत होतो. "कृपा करा, माझ्याविरुद्ध उभे राहा." लोक हात जोडायचे. "नको भाऊ, तुमच्याशी कशाला वाकडं?" शेवटी रफिकभाईंच्या गळ्यात पडलो. ते अंगावर काटा आल्यासारखे मागे सरले. मी म्हटलं, "नुसतं डमी. नावापुरतं. क्लबासाठी." बिचारे तयार झाले.

मग नवीन काळजी. रफिकभाईंना एकही मत पडलं नाही तर साहेबांपुढे नाटक उघडं पडणार. म्हणून चार-पाच सभासदांना सांगायचं ठरवलं, "तुमचं तेवढं मत त्यांना द्या." पहिल्या घरी चहा झाल्यावर मी म्हटलं, "माझं काय हो, मी येतोयच. तुम्ही रफिकभाईंची इज्जत राखा." ते भारावून म्हणाले, "काय मन शे राजा तुमचं!" मला असं काही बरं वाटलं म्हणता! पुढच्या घरी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या घरी पुन्हा. स्वतःसाठी मत मागताना जीभ अडते हो आपल्या माणसाची. मोठेपणा करताना मात्र ती सैल सुटते. धुळ्याच्या सभासदांकडे एसटीनं गेलो आणि तिथेही मोठेपणा करून आलो. किती जणांना सांगितलं, याचा हिशेब कोण ठेवतो?

शेवटी नानांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. त्यांनाही तेच म्हटलं, "नाना, तुमचं मत रफिकभाईंना."

नाना म्हणाले, "मन्हं मत कोणले देवानं, ते तू माले सांगू नको."

मतदानाच्या दिवशी मी ब्लेझर घालून हॉलमध्ये शिरलो. घामानं निथळत होतो. मतपत्रिका हातात आली, पेटीजवळ रफिकभाई भेदरून उभे दिसले, आणि मला माझाच गहिवर आला. मी माझंही मत त्यांना टाकलं.

साहेबांनी पेटी उघडली. नावं इंग्रजीतही छापली होती, एकेक चिठ्ठी वाचत गेले. रफिक. रफिक. रफिक. मी हसत होतो. मग हसू आपोआप थांबलं. रफिक. रफिक. सगळ्या चिठ्ठ्या संपेपर्यंत माझं नाव आलं फक्त एकदा.

हॉलमध्ये मागून आवाज आला, "चला, स्वतःचं तरी पडलं!" सगळा हॉल खदखदला. आता मी काय सांगणार? माझं मत मी मला दिलंच नाही, हे सांगितलं असतं तर अजून हसले असते.

रफिकभाई धावत आले, डोळ्यांत पाणी. "साब, मैंने तो खुदकोच डाला. तुम बोले थे ना, झीरो पडा तो बुरा दिखेगा. मेरेकू क्या मालूम!"

साहेब मात्र आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. व्यासपीठावर जाऊन म्हणाले, "मी देशोदेशी हिंडलो. वजनदार उमेदवार मेकॅनिककडून हरलेला मी पहिल्यांदाच पाहतोय. ही खरी लोकशाही! टप्पा तुमचा!" टाळ्या, गुलाल, बँडवाले कुठून आले कोण जाणे. दुभाषी मीच. माझ्या पराभवाचं कौतुक मीच मराठीत सांगितलं.

फोटोसाठी नव्या अध्यक्षांकडे कोट नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ब्लेझर काढून दिला. बाह्या रफिकभाईंच्या बोटांवर येत होत्या, पण फोटो छान आला.

मी नुसत्या शर्टावर बाहेर आलो. फाटकाशी नानांची जीप उभी होती, इंजिन चालू. मत टाकून ते बाहेर पडले होते, गुलालात आले नव्हते.

मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. "नाना, ते एक मत..."

नानांनी गिअर टाकला.

"गुप्त मतदान शे ना, सेक्रेटरी? नियम तुनाच शे. चाल, बस गाडीमा. ब्रेक नीट करी लिना मी."