उष्णतेमागोमाग सोनाळ्याला

प्रोग्रॅम पुन्हा कोसळला, तेव्हा मी पुण्याहून मेहकरची रात्रीची बस धरली.

मी संगणकावर प्लाझ्माचं गणित मांडते. प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू, की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते धडकत धडकत उष्णता पुढे नेतात आणि चुंबकीय क्षेत्रालाही सोबत ओढतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये ते क्षेत्र थंड कडेला साचून सगळं बिघडवत होतं. क्षेत्र ओढलं जाण्याचा तो भाग सुजातानं रचलेला. ही माझी प्रयोगशाळेतली मैत्रीण. आईच्या आजारपणात तिच्या गावी, सोनाळ्याला गेली आणि तिथेच शाळेत शिकवू लागली. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "काढून टाका तो भाग." मला आधी तिला विचारायचं होतं.

मेहकरला स्टँडसमोर गरम पोहे खाल्ले आणि खामगाव, शेगाव करत निघाले. एसटीत आपल्या बायकांना अर्धं तिकीट. शेगावच्या पुढे मात्र गाड्यांची चौकशी आधीच करा. वेचणीला आलेला कापूस, फुललेली तूर, मध्येच एक डुलकी. डोळे उघडले तर समोर सातपुडा, निळसर, जणू अजून झोपेतच आहे.

सुजाताच्या आईनं दारातच बजावलं, "जेवल्याबिगर कामाचं बोलू नको वं." ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा.

मग आम्ही शेतात कडुलिंबाखाली बसलो. सुजाता लॅपटॉपवर एकेक ओळ वाचत राहिली. तुरीवरून वारा यायचा, डोंगरावरची सावली सरकायची. दुपार कुठे गेली, कळलं नाही.

"इथं पाह्य," ती म्हणाली. "उष्णता लई जोरात पळू नये म्हणून तू तिले लगाम घातला. मंग क्षेत्राले काऊन नाई? ते तं तिच्यासंगच जाते न."

मी त्या ओळीवर खूण करून ठेवली. मग म्हणाले, "तू परत ये ना."

"नाई येत. माय इथं हाये, शाळेतल्या पोरी हायेत." ती जरा थांबली. "पन मी हे सोडलं, असं कोनं सांगतलं तुले?"

पुण्याला येऊन मी क्षेत्रालाही तोच लगाम घातला. पडद्यावर ते उष्णतेच्या बरोबरीनं थंड कडेकडे सरकत गेलं, संथ, कुठेही न बिघडता. सर खुर्ची ओढून बघत बसले.

प्रवासातून काय उरलं? डोळे मिटले की तुरीचा पिवळा रंग आणि मागचा निळा डोंगर. पडद्यावरचं चित्र सुजाताला पाठवलं आणि त्या रात्री छान झोप लागली. सकाळी सुजाताचा मेसेज होता: "चित्र पाह्यलं. पुढचं गणित मले पाठव."